तळाचं पाणी

१

आनंदा तांडेल दारू पिऊन मेला, ही बातमी सातपाटीला त्याच्या प्रेताच्या आधी पोचली. प्रेत अजून पालघरच्या शवागारात होतं. बातमीला शवचिकित्सा लागत नाही.

दारू म्हणजे दुकानातली नव्हे. आनंदा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘वेदिका एस्टर्स’ या कारखान्यात ऑपरेटर होता. तिथे मिथेनॉल टाक्यांनी येतं. दिसायला पाण्यासारखं आणि चवीला दारूसारखं, पण पोटात गेलं की आधी डोळे जातात आणि मग माणूस. तो गेला त्याच दुपारी कारखान्यातल्या त्याच्या लॉकरमध्ये दारूच्या चपट्या बाटलीत अर्धं मिथेनॉल सापडलं. पुढे इस्पितळाने मुंबईला पाठवलेल्या रक्ताचा अहवाल आला, त्यातही मिथेनॉलच निघालं. चोरून प्यायला आणि मेला. पोलीस खात्याला असली प्रकरणं आवडतात, कारण ती स्वतःच मिटतात.

मी वैभवी डोईफोडे, फौजदार. लातूरकडची आहे. बोईसरला बदली झाल्यापासून माझं नाक चुरचुरतं आणि डोकं उठलेलं असतं. हवेला रोज वेगळा वास येतो आणि इथल्या लोकांना तो जाणवतच नाही. अकस्मात मृत्यूची ती फाईल मी सहीसाठी पुढे ओढली होती, तेवढ्यात दोघी बायका आत आल्या.

एक होती आनंदाची बायको राहीबाई. तिला पालघर तालुक्यातला प्रत्येक पोलीस ओळखतो. सातपाटीच्या दारूबंदी महिला मंडळाची ती अध्यक्ष. खाडीकडच्या हातभट्ट्या तिने बायका घेऊन स्वतः फोडल्या होत्या आणि आम्ही नंतर जाऊन पंचनामे केले होते. घसा असा, की तिने घोषणा दिली की बंदरावरचे कावळे उठायचे. त्या दिवशी मात्र तिचा आवाज खोल गेला होता.

“मॅडम, आमचे हे दारू प्यायले नाय,” ती म्हणाली. “तुमी कागदावर तसं लिवू नका.”

मी तिला रक्ताचा अहवाल समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. तिच्या मागच्या बाई पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्यांनी आपली ओळख करून दिली. दमयंती सावे, राहणार पालघरजवळचं माहीम, पानवेलींची वाडी. राहीबाई रोज त्यांच्या दारी मासळी घेऊन जाते. वाडी सांभाळण्याआधी त्यांची सगळी नोकरी रासायनिक कारखान्यांसाठी ऊर्ध्वपातनाचे कॉलम डिझाइन करण्यात गेली होती.

“मी एकच विचारते,” दमयंतीबाई म्हणाल्या. “मिथेनॉल पिऊन मेलेल्या माणसाच्या कमरेखालची कातडी का पांढरी पडावी?”

मी फाईल मिटली. ते मला ठाऊक नव्हतं.

२

चहा मागवला आणि राहीबाईला सुरुवातीपासून सांगायला लावलं.

आनंदाची कंबर कायम दुखायची. तरुणपणी बोटीवर जाळी ओढून ती धरली होती. म्हणून तर बोट सोडून तो कारखान्यात लागला. लावून दिलं राहीबाईच्या मोठ्या भावाने, आत्माराम पागधरे याने. तो जवळच्या नवापूरचा, त्याच कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. भाऊ-मेहुणा जोडी घट्ट होती, सणासुदीला एका ताटात जेवणारी.

आजारी पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी आनंदा घरी आला तो झिंगल्यासारखा. राहीबाईला संशय आला. तिने सरळ त्याचं तोंड हुंगलं. वास आला तो आंबट, दारूचा नव्हे. “कामावर शेक घेतला, बरं वाटतंय,” म्हणून तो झोपला. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास लागला आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं दिसू लागलं. तिने त्याला रिक्षात घालून पालघरला नेलं. डॉक्टर मेंदूचा ताप धरून चालले होते.

“अंग पुसताना मी पायलं ना,” ती म्हणाली. “कमरेपासून खाली कातडी पांढरी, कोरडी. मिठात घातलेली मासळी कशी दिसते, तशी.”

दमयंतीबाईंनी विचारलं, आंबट वासाबद्दल तो स्वतः काही बोलला का. राहीबाई कसनुशी हसली. करोनानंतर आनंदाचं नाक गेलं होतं ते परत आलंच नाही. सुक्या बोंबलाच्या घरात राहून वास न येणारा गावातला तो एकटाच माणूस, असं म्हणून ती त्याला चिडवायची.

मग इस्पितळातली एक गोष्ट तिने सांगितली, ती केवळ आपला दारूवरचा राग पटवून द्यायला. आत्माराम धावत आला होता. डॉक्टर बाहेर गेल्यावर त्याने पिशवीतून विलायती दारूची बाटली काढली आणि आनंदाच्या तोंडाला लावायला गेला. म्हणे थंडी वाजतेय, ऊब येईल. राहीबाईने बाटली हिसकावली आणि खिडकीबाहेर भिरकावली. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात दारू घालतोस, म्हणून सख्ख्या भावाला चार लोकांत बोलली. तो एक शब्द न बोलता भिंतीला टेकून उभा राहिला होता.

“हातभट्ट्या फोडनारी बाय मी,” ती म्हणाली. “माझ्या घरात दारू शिरंल?”

दमयंतीबाईंनी तेव्हा तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या चहा तसाच ठेवून उठल्या.

राहीबाईचं खरं दुखणं तिने जाता जाता सांगितलं. तेरावं होण्याआधीच खाडीवर दारूच्या पिशव्या पुन्हा विकल्या जाऊ लागल्या होत्या. मंडळाच्या बायका दारावरून जाताना मान फिरवत होत्या. अध्यक्षिणीचाच नवरा प्याला म्हटल्यावर कोण कुणाला अडवणार? नवरा तर गेलाच होता. आता त्याचं नाव आणि तिचं उभं आयुष्य माझ्या एका सहीवर अडलं होतं. मी फाईल खणात टाकली आणि जीप काढायला सांगितली.

३

वेदिका एस्टर्सचा मॅनेजर ललित कापडिया हा गोड बोलण्यात पटाईत. त्याने खुर्च्या दिल्या, बिस्किटं मागवली आणि आनंदाबद्दल हळहळ व्यक्त केली. कंपनीने दारूबद्दल किती वेळा ताकीद दिली होती, हेही सांगितलं.

बाटली कशी सापडली, ते मी विचारलं. इस्पितळाच्या कागदपत्रांसाठी आनंदाचं विम्याचं कार्ड हवं होतं. ते लॉकरमध्ये असेल, असं आत्माराम म्हणाला. किल्ल्या त्याच्याकडे होत्या, इस्पितळात आनंदाचे कपडे त्यानेच ताब्यात घेतले होते. ललितसमोर, वॉचमनसमोर लॉकर उघडला आणि कार्डाच्या वर बाटली. आत्माराम मटकन खाली बसला, असं ललितने सांगितलं.

“कार्ड मिळालं?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“हो, ते पण मिळालं.”

मग आम्ही कॉलम बघायला गेलो. नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंचीचं पोलादी नळकांडं, चारी बाजूंनी पाइपांनी वेढलेलं. मला त्यातलं काही कळेना. बाईंनी मला बाजूला घेऊन सोप्या शब्दांत सांगितलं, आणि मी ते इथे तसंच देते, कारण सगळी गोम त्यातच आहे.

पूर्वी सॉल्व्हंट, म्हणजे रंगा-शाईत घालायचा द्रावक, करायचा तर एका मोठ्या केटलीत व्हिनेगरमधलं ॲसिड आणि मिथेनॉल उकळत ठेवायचं आणि मग दुसरीकडे नेऊन माल वेगळा काढायचा. या कॉलममध्ये शिजवणं आणि गाळणं एकदमच होतं. ॲसिड वरून खाली उतरतं, मिथेनॉलची वाफ खालून वर चढते. मधल्या भागात जाळीच्या पिशव्यांत क्रिया घडवून आणणारे दाणे भरलेले असतात, त्यांच्यावर दोघांची गाठ पडते. तयार झालेला सॉल्व्हंट हलका, तो वरून निघतो. सोबत होणारं पाणी तळातून बाहेर पडतं. अट एकच, दोघं जेवढ्यास तेवढे आले पाहिजेत. एक जरा जास्त झाला की तो आत साचतो आणि कुठून तरी बाहेर पडायला बघतो.

“तळातून फक्त पाणी येतं?” मी विचारलं.

“सगळं सुरळीत असेल तर. गरम, स्वच्छ पाणी.”

कंट्रोल रूममध्ये किंजल नावाची तरुण इंजिनिअर होती. कॉलम चालवण्याची पद्धत तिनेच बसवली होती. तिने आनंदाच्या त्या आठवड्याचा आलेख पडद्यावर आणला. मधल्या भागाचं तापमान सरळ रेषेत होतं, जराही हललेलं नाही. ललितने अभिमानाने सांगितलं, की त्या आठवड्यात वरून निघालेला माल वर्षातला सगळ्यात शुद्ध होता. म्हणजे कॉलमचा काही दोष नव्हता, माणसाचा होता.

“वाफेचा आलेख दाखव,” बाई म्हणाल्या.

किंजलने आधी ललितकडे पाहिलं. मग दुसरी रेषा आली. तळ तापवायला जी वाफ सोडतात, तिची रेषा रोज थोडी थोडी खाली उतरत होती, आणि आनंदा आजारी पडला त्या सकाळी ती एकदम उडी मारून पूर्वीच्या जागी गेली होती.

“तळाचं तापमान?”

तळाचं थर्मामीटर कधीचं बंद पडलं होतं, किंजल म्हणाली. मधलं असल्यावर तळाचं कोण बघतो?

बाईंनी चष्मा काढून पुसला. “डोईफोडेबाई,” त्या मला हळूच म्हणाल्या, “हा कॉलम आठवडाभर आजारी होता. आणि इथल्या कुणीतरी तो गुपचूप बरा केला.”

४

किंजलला आम्ही कँटीनमध्ये एकटीला गाठलं. पोरगी वापीची, बापाचं तिथे छोटं दुकान. आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी नुसती रडून बोलली.

कॉलमच्या पोटात तिने एक विश्लेषक यंत्र बसवलं होतं. मधल्या भागात ॲसिड किती आहे ते मोजायचं आणि त्याप्रमाणे मिथेनॉल कमी-जास्त करायचं, हे त्याचं काम. ते यंत्र बिघडलं. दुरुस्तीला पाठवायचं तर कॉलम बंद ठेवावा लागला असता. ललितने नकार दिला. मग तिने दोन्हींचं प्रमाण ठरवून ते कंप्युटरवर पक्कं केलं आणि बहिणीच्या लग्नाला सुट्टीवर गेली. परत आली तेव्हा आनंदा मेलेला होता. वाफेची रेषा तिने पाहिली होती. ललितने सांगितलं, वाकडे प्रश्न विचारशील तर यंत्र बंद ठेवल्याचं खापर तुझ्यावर येईल.

“प्रमाण कोण बदलू शकतं?” मी विचारलं.

“मी, ललितसर आणि शिफ्ट सुपरवायझर. पासवर्ड एकच आहे.”

माझा संशय ललितवर पक्का बसला. यंत्र बंद ठेवायचा हुकूम त्याचा, बाटली सापडली ती त्याच्यासमोर, आणि मेलेला दारुडा ठरला तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. मी त्याला ठाण्यावर घेऊन जायच्या तयारीत होते. बाई म्हणाल्या, आधी न्हाणीघर बघू.

कॉलमच्या मागे पत्र्याची एक खोली होती. खिडकी नाही. तळाच्या पाण्याच्या पाइपला कुणीतरी एक नळ जोडून तो आत घेतला होता. या वसाहतीतल्या कारखान्यांत ही जुनी रीत आहे. फुकटचं गरम पाणी वाया कशाला घालवायचं? शिफ्ट संपली की माणसं तिथे अंघोळ करतात, कपडे धुतात, पावसाळ्यात पाय शेकतात. नियमात बसत नाही आणि कुणी अडवतही नाही. ललितने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

फरशीवर मोठा गोल डाग होता, बाकी फरशीपेक्षा फिका. इथे काय असायचं, म्हणून एका कामगाराला विचारलं.

“आधा ड्रम था, मॅडम, नीला. आनंदाभाऊ उसमें बैठते थे, कमर के लिए. दरवाज़ा बंद करके, काफी देर.”

“कुठे गेला?”

त्याला ठाऊक नव्हतं. आनंदा गेला त्या दिवसापासून तो दिसला नव्हता.

 कमरेपर्यंत पांढरी कातडी, बंद खोली, आणि वास न येणारा माणूस. आनंदाने मिथेनॉल प्यायलं नव्हतं. तो त्यात बसला होता.

५

बाहेर आल्यावर मी बाईंना सरळ म्हटलं, की ललितला उचलते.

“ललितने यंत्र बंद ठेवलं, त्याची शिक्षा त्याला व्हावी,” त्या म्हणाल्या. “पण ॲसिड त्याने वाढवलं नाही. त्याला ॲसिडचा भाव पाठ आहे, काम नाही.”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. वरचा माल जास्त शुद्ध निघाला, तळाची वाफ रोज कमी होत गेली, या दोन्हींचा अर्थ एकच. कुणीतरी ॲसिड जरा जास्त सोडलं होतं. ॲसिड जड, त्याला उकळायला जास्त उष्णता लागते. ते मध्ये साचलं की तिथलं तापमान चढतं. कंप्युटर बिचारा एवढंच शिकलेला, की मध्ये तापलं तर तळाची वाफ कमी कर. त्याने ती कमी केली. रोज थोडी थोडी. पडद्यावर रेषा सरळ राहिली. पण तळाच्या पाण्यातून मिथेनॉलला उकळून वर पाठवायला वाफच उरली नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरलं, नळात आलं, ड्रममध्ये आलं. थोडं ॲसिडही आलं, म्हणून तो आंबट वास. बाकीचे दोन तांबे अंगावर घेऊन निघत, आनंदा बंद खोलीत बराच वेळ त्यात बसे आणि त्याला वास येत नव्हता.

“ॲसिड जास्त घालणं ही कुणाची सवय, ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं. “केटलीवर काम केलेल्यांची. केटलीत शेवटी थोडं ॲसिड जास्त घातलं की माल पुरता शिजतो. सगळे जुने लोक घालायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. केटलीत ते पुण्य होतं, कॉलममध्ये पाप.”

या कारखान्यात केटलीवर वाढलेला सुपरवायझर एकच होता. मला ते नाव घ्यायचं नव्हतं. बाईंनाही नसावं. मी जीप नवापूरच्या रस्त्याला घ्यायला सांगितली.

आत्माराम पागधरेचं घर समुद्राच्या अंगाला, पुढे माडांची ओळ. तो ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याची बायको शैला हिने पाणी आणून दिलं आणि दारात उभी राहिली. त्याने आमच्या सगळ्या प्रश्नांना व्यवस्थित उत्तरं दिली. यंत्र बंद होतं, हो. पासवर्ड त्याला ठाऊक होता, हो, ललितसायबालाही होता. ड्रमचं त्याला काही माहीत नव्हतं. मेहुणा असा चोरून पिणारा निघेल असं वाटलं नव्हतं, पण माणसाचं काही सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य तो जमिनीकडे बघून म्हणाला.

दमयंतीबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“आत्मारामभाऊ, इस्पितळात तुम्ही दारू कशाला नेली होती?”

शैलाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. आत्माराम माडांकडे बघू लागला. 

६

“मी सांगते,” बाई म्हणाल्या. “चुकलं तर सांगा.”

मिथेनॉलच्या कारखान्यात कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी शिकवतात. डोळ्यांपुढे पांढरं दिसलं की समजावं, मिथेनॉल अंगात गेलं. आणि चांगली दारू हा त्यावरचा उतारा. शरीर आधी दारूला भिडतं, मिथेनॉलचं विष व्हायला उशीर होतो, तेवढ्यात डॉक्टरांना रक्त धुवायला वेळ मिळतो. आत्माराम ऊब द्यायला दारू घेऊन गेला नव्हता. तो औषध घेऊन गेला होता. म्हणजे डॉक्टर मेंदूचा ताप शोधत होते, तेव्हा त्या खोलीत एका माणसाला खरं दुखणं माहीत होतं.

“मेहुणा चोरून प्यायला असं तुम्हाला खरंच वाटलं असतं, तर तुम्ही ते डॉक्टरच्या कानात सांगितलं असतं. लाज त्याची गेली असती, तुमची नव्हे. तुम्ही बोलला नाहीत. दुसऱ्याचा दोष माणूस एवढा जिवापाड लपवत नाही.”

आत्मारामचा चेहरा तेव्हा पडला. रडला नाही, नुसता आतून कोसळल्यासारखा झाला.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. यंत्र बंद झाल्यावर त्याला धास्ती वाटली, माल कच्चा निघेल. त्याने ॲसिड वाढवलं. माल सुंदर निघाला, ललितने पाठ थोपटली, म्हणून त्याने आणखी वाढवलं. आनंदाला ड्रममध्ये बसायला त्यानेच सांगितलं होतं, कमरेला आराम पडेल म्हणून. त्या दिवशी आनंदा घरी गेल्यावर तो न्हाणीघरात हात धुवायला गेला आणि ड्रममधल्या पाण्याचा वास त्याला आला. त्याने पाणी हुंगलं, बोटाने चाखलं, आणि त्याला कळलं. रात्रपाळी संपायच्या आत त्याने प्रमाण मूळ जागी आणलं. मनाला समजावलं, की नुसतं बसल्याने काही होत नाही, प्यायला थोडाच आहे.

“फोन का नाही केला?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “त्याच संध्याकाळी?”

“वाटलं, काय नाय होनार. मग सकाळी राहीचा फोन आला.”

“आणि डॉक्टरला?”

“तोंड उघडलं, मॅडम. दोनदा उघडलं. नोकरी दिसली, जेल दिसला, राहीचं तोंड दिसलं. म्हटलं, दारू पाजतो, वाचंल, कुनाला काय कळायचं नाय.”

पण राहीने बाटली फेकून दिली. दुसरी आणायला तो खाली गेला, वर आला तेव्हा आनंदा शुद्धीत नव्हता. मग ड्रम फोडून समुद्रात टाकणं आणि लॉकरमध्ये बाटली ठेवणं, एका पापावर दुसरं रचत गेला. मेलेल्याला आता काय फरक पडतो, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. राहीचा त्याने विचार केला नव्हता असं नाही. केला आणि तरी केलं.

मी त्याला उठायला सांगितलं. शैला आमच्या वाटेत आली. ती रडत नव्हती, संतापली होती.

“दारूनं मेला होता तोच बरा होता,” ती म्हणाली. “एकच मानूस गेला होता. आता दोन घरं बुडाली. कुनाचं भलं केलंत तुमी?”

मी तिला बाजूला केलं. आत्माराम जीपमध्ये बसला आणि हात जोडून दमयंतीबाईंना म्हणाला, “बाय, बाकी सगळं राहीला सांगा. ते बाटलीचं तेवढं नका सांगू.”

७

दुसऱ्या दिवशी मी सातपाटीला गेले, बाईंना घेऊन. खरं तर शिपायाकडून निरोप धाडता आला असता. पण ज्या गावात बातमी पसरली, तिथेच ती पुसावी असं मला वाटलं. बंदरालगतच्या चौकात मी चार लोकांसमोर सांगितलं, की आनंदा तांडेल प्यायला नव्हता, कारखान्याच्या चुकीने मेला, आणि गुन्हा दाखल झाला आहे. ललित कापडिया आणि आत्माराम पागधरे दोघंही अटकेत आहेत. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यातल्या बऱ्याच जणी मंडळाच्या होत्या. कुणी कुणाकडे बघेना.

मग आम्ही राहीबाईच्या घरी बसलो. भावाचं ऐकून ती भिंतीला पाठ लावून बसली. लहानपणी आई गेल्यावर यानेच मला न्हाऊमाखू घातलं, एवढंच एकदा म्हणाली. मला वाटलं, झालं, सगळ्यात वाईट ते संपलं. मी उठायच्या बेतात होते.

“बाय,” ती दमयंतीबाईंना म्हणाली, “दादा कधी दारूला शिवत नाय. माझ्याच धाकानं. मग त्या दिवशी बाटली कुठनं आनली त्यानं? आनि कशाला?”

मी पटकन म्हणाले, घाबरला होता, काही सुचत नव्हतं त्याला. राहीबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. रोज दारी उभं राहून मासळी ताजी की शिळी यावर दोघींची हुज्जत चालायची. खोटं बोलायची सवय त्या दोघींत नव्हती.

दमयंतीबाईंनी सांगितलं. त्या विषावरचा उतारा दारूच आहे हे सांगितलं. वाचला असताच असं नाही, उशीर झाला असेल, हेही सांगितलं. मग तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “राहीबाई, तुझा हात लागला म्हणून तो मेला नाही. तुझ्या भावाचं तोंड उघडलं नाही म्हणून मेला. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं. एवढं तू डोक्यात पक्कं धर.”

राहीबाईने मान हलवली. सगळं समजल्यासारखी. हात सोडवून घेतले आणि पदर नीट केला.

“मी देवाकडं एकच मागत होते,” ती म्हणाली. “माझा धनी दारूनं नाय मेला, एवढं लोकांना कळू दे. कळलं. आता दारू मिळाली असती तर जगला असता, हे मी कुनाला सांगू?”

 मी वर्दीतली बाई, मला रडायची सोय नव्हती. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मंडळाच्या बायका आल्या होत्या. आधी पाच-सहा, मग गल्ली भरली. ओशाळलेल्या होत्या आणि जोशातही. खाडीवरचं दुकान आत्ताच्या आत्ता उठवायचं, म्हणत होत्या, राहीबाईच्या धन्याच्या नावानं. फलक जुनाच होता, कुणाच्या तरी माळ्यावरून काढून आणलेला. त्यांनी तिला ओट्यावर नेलं, मधोमध उभं केलं आणि पहिली घोषणा तिने द्यावी म्हणून सगळ्या गप्प झाल्या.

तिने हात वर केला, तोंड उघडलं. गल्लीतल्या सगळ्या बायका वाट बघत उभ्या होत्या. तिचा आवाज फुटला नाही.